आवडाबाईची चुकलेली पिशवी

हर्सूलच्या आमच्या गल्लीत पहिलं शिलाई मशीन आलं एक्क्याऐंशी साली. कोणाला शिवता येत होतं म्हणून ते आलं, असं मात्र नव्हे. कडूबा शहरातल्या एका बँकेत शिपाई होता. तिथल्या साहेबांची बदली झाली, साहेबांच्या बायकोला मशीन बरोबर न्यायचं नव्हतं, आणि समोर आलेली वस्तू सोडायची नाही हा कडूबाचा स्वभाव. त्यानं ते हातगाड्यावर घातलं, शहागंजापासून हर्सूलपर्यंत स्वतः ढकलत आणलं आणि घामाघूम होऊन बायकोपुढं उभं केलं.

“घे. शीव आता.”

“काय शिवू?” आवडाबाईनं विचारलं.

“कायबी शीव. मशीन आलंय नं!”

मी तेव्हा हर्सूलच्या शाळेत शिकवत होते आणि आवडाबाईच्या शेजारी दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते. त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलं नाही ते मधल्या भिंतीतून ऐकलेलं आहे. भिंत विटांची असली तरी फार जाड नव्हती.

आवडाबाई पाचोडची. चौथीपर्यंत शिकलेली, सव्वीस वर्षांची, दोन मुलींची आई. माहेरी गोधड्या शिवलेल्या, त्याही हातानं. मशीनवर पाय ठेवला की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. पंधरा दिवसांनी चाक सुलटं फिरू लागलं तेव्हा तिनं शेजारपाजारच्या दोघींची पोलकी शिवून पाहिली. एकीचा हात बाहीत गेला नाही, दुसरीचा गेला तो निघाला नाही. कापड त्यांचं होतं, त्यामुळे बोलणीही त्यांचीच होती.

पलीकडच्या घरात जहांगीर आणि जोहरा राहत. जहांगीरचं शहागंजात छोटं दुकान होतं. रिक्षांचे हूड, स्कूटरच्या सीटांची कव्हरं तो शिवायचा. दुकानात रेक्झीनच्या तुकड्यांचा ढीग पडे. त्यानं एक पोतं भरून आणून दिलं आणि म्हणाला, “भाभी, इस पे हात बिठाव. तुकड्याचा मालक भांडायला येत नाही.”

जोहरा खुलताबादची. नवरा शिवणारा असून तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. पण चूक तिला दहा पावलांवरून दिसायची. आवडाबाईनं पहिली पिशवी शिवली ती उलट्या बाजूनं, शिवतात तशीच. धरायचे बंदही लावले, चांगले घट्ट. मग मोठ्या कौतुकानं पिशवी सुलटी केली, तर बंद आत गेले. जोहरा दारात उभी होती.

“अच्छी हुई गे,” ती म्हणाली. “अब पकडनेकू पिशवीतच हात घालायचा. हात को धूप नै लगती.”

आवडाबाई त्या दिवशी रडली. पिशवी मात्र तिनं फेकली नाही. पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली. यात काही शहाणपण होतं असं नाही. उकिरड्यावर टाकली असती तर सगळ्या गल्लीनं पाहिली असती, आणि चुलीत घातली असती तर रेक्झीनचा वास हर्सूलच्या तळ्यापर्यंत गेला असता. तेव्हापासून जे बिघडेल ते पेटीत, असा रिवाज पडला. पेटी लवकरच निम्मी भरली.

पाकिटांची कल्पना कडूबाची. बँकेत सगळ्यांच्या खिशात पाकीट असतं, आणि बँकेत तो स्वतः असतो; मग गिऱ्हाईक शोधायला जायचं कशाला? आवडाबाईलाही ते पटलं. जहांगीरनं तिला एक जुनं पाकीट उसवून त्याचे तुकडे दाखवले. आता प्रश्न राहिला मापाचा.

“एक नोट द्या बरं,” ती नवऱ्याला म्हणाली. “मापाला पायजे.”

कडूबानं खिशातून दहाची नोट काढून दिली. तिनं नोट मागितली होती, त्यानं नोट दिली होती. चूक कोणाचीच म्हणता येणार नाही. दिवसभर शंभराच्या गड्ड्या या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा हा माणूस घरी मात्र शंभराची नोट कधी आणत नसे. शंभराची नोट बायकोच्या हाती दिली की ती मोडते, आणि मोडली की संपते, असं त्याचं अर्थशास्त्र होतं. तो बँकेतच पगार दहा-दहाच्या कोऱ्या नोटांत करून आणायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आवडाबाईनं शंभराची नोट लांबूनच पाहिलेली होती, आणि लांबून सगळ्या नोटा सारख्याच दिसतात.

एक डझन पाकिटं झाली. दहाची नोट त्यांत अशी बसायची की जणू तिच्यासाठीच घडवली. कडूबानं ती बँकेत नेली आणि कारकुनांपासून थेट मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळ्यांना दिली. शिपायाच्या बायकोनं घरी शिवलेलं पाकीट म्हणून सगळ्यांनी घेतलं, कौतुक केलं, जुनी पाकिटं खणात टाकली. हे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला झालं.

एक तारखेला पगार झाला. शंभराची नोट पाकिटात आडवी जाईना. कोपरे दुमडून कोंबली तर पाकीट मिटेना, आणि मिटवलं तर नोट वरून बोटभर बाहेर डोकावायची. सगळी बँक एकाच वेळी पाकिटाशी झटापट करत होती. शेवटी कॅशियर काउंटरमागून म्हणाला, “कडूबा, आमचा खरा पगार किती आहे ते तुझ्या बायकोला बरोबर कळलेलं दिसतंय.”

त्या दिवशी भिंतीतून जे ऐकू आलं ते असं.

“तू सगळ्या हापिसात माझं हसं केलंस!”

“मी नोट मागितली, तुमीच दिली.”

“तू सांगायचं नाय का, मोठी पायजे म्हणून?”

“मोठी असती हे मला कुणी दाखवलंय का कधी?”

दुसऱ्या दिवशी कडूबानं शंभराची एक नोट घरी आणली. फक्त मापासाठी, संध्याकाळी परत न्यायच्या अटीवर. आवडाबाईनं ती पुठ्ठ्यावर ठेवून खडूनं रेघ मारली आणि चारी बाजूंनी बोटभर जास्त धरलं. बाराच्या बारा पाकिटं तिनं बदलून दिली. जुनी बारा पेटीत गेली.

पाकिटांपाठोपाठ खांद्यावरच्या पिशव्या आल्या. वरून रेक्झीन, आतून सुती अस्तर, तोंडाला झाकण. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर भावाकडं पाचोडला जायचं होतं, म्हणून तिनं अशा सहा पिशव्या शिवल्या आणि तिथल्या आठवडी बाजारात, शेळ्या-मेंढ्या विकायला उभ्या करतात त्या बाजूला पोतं अंथरून बसली. दिवसभरात एकच पिशवी गेली. ती घेतली सांडूआबांनी. सांडूआबा शेळ्यांचे व्यापारी, तिच्या वडिलांच्या वयाचे, तिला परकरात पाहिलेले. पिशवी घेतली ती गरज होती म्हणून नव्हे, तर गावची लेक बाजारात बसलीय आणि बोहनी झाली नाही हे त्यांना बघवेना म्हणून.

हर्सूलला परत आल्यावर जोहरानं उरलेल्या पाचांतली एक उचलून उलटीपालटी केली, आत हात घालून तळ चाचपला आणि वर घेताना तिचा हात कोपरापर्यंत नाहीसा झाला.

“अगे आवडा, मेरा हात कां गया?”

हात अस्तर आणि रेक्झीन यांच्या मधे गेला होता. अस्तराचं कापड सहापदरी घडी घालून एकदम कापलं होतं, आणि कापताना कात्री एका बाजूला तिरकी उतरली होती. त्यामुळे डाव्या अंगाला चार बोटं अस्तर आखूड पडलं होतं, टिपेत सापडलंच नव्हतं. वरून झाकणाच्या दुमडीखाली ती फट दिसत नव्हती. एकदम कापल्यामुळे सहाच्या सहा पिशव्यांत तीच चूक, त्याच जागी. आवडाबाईनं पाचही पिशव्या उसवल्या, अस्तराला जोड दिला, पुन्हा शिवल्या. पण सहावी पाचोडला होती, आणि वडिलांच्या वयाच्या माणसाच्या खांद्याला होती. पुढचे पंधरा दिवस ती एस.टी.चा भोंगा ऐकला की दाराकडं बघायची.

सांडूआबा सोळाव्या दिवशी आले. रविवार होता, मी घरीच होते. धोतर धुळीनं माखलेलं, हातात पिशवी, आणि पिशवीचा तळ कात्रीनं उभा चिरलेला. आवडाबाईनं ते बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधीच रडायला लागली.

“आबा, चुकलं माझं. दुसरी देते. तुमची शपथ, मला मागून कळलं.”

“गप, पोरी. आधी ऐक तर,” सांडूआबा खाली बसत म्हणाले. “मागल्या बाजाराला धा शेळ्या इकल्या. पैसं तुझ्या पिशवीत घातलं आन् गाडीत बसलो. गर्दी ही! उतरलो तवा झाकण उघडं. आत बघतो तर चंची नाय, चष्मा नाय, पैसंबी नाय.”

“अरे देवा!”

“दोन दिस मी जेवलो नाय. तुलाबी शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिशी म्हातारी म्हनली, ही अवदसा घरात नको, आन् पिशवी आपटाया घेतली. तर आतून फडफड! म्हातारीनं तळ चिरला, तर सगळं पैसं तिथं, जसंच्या तसं. चोराला चष्मा गावला, आन् पैसं तुझ्या पिशवीनं गिळलं व्हतं!”

आवडाबाई डोळे पुसायलाही विसरली.

“आता मला अशाच चार पायजेत,” सांडूआबा म्हणाले. “आमच्यातल्या समद्यांनी सांगितलंय. अशीच, हां. दुसरी नाय चालायची.”

“आबा, ती चूक झाल्ती. मी सगळ्या दुरुस्त केल्या.”

“मग परत चुकव.”

हे बोलायला सोपं होतं. आवडाबाई दुसऱ्याच दिवशी मशीनवर बसली आणि तिनं मुद्दाम चार बोटं टीप सोडली. फट तोंड वासून बसली. आंधळ्यालाही दिसली असती. मग फट लहान ठेवली, तर नोट आत घसरेना, वरच अडकून राही. अस्तर तिरकं कापायचं ठरवलं, तर कात्री सरळच जाऊ लागली. दोन वर्षं तिनं हाताला सरळ जायला शिकवलं होतं, आणि हात आता ऐकत नव्हता. बिनचूक पिशव्यांवर बिनचूक पिशव्या होत होत्या आणि आवडाबाई कपाळावर हात मारून घेत होती.

“बाई,” एकदा ती मला म्हणाली, “तुमी शाळेत पोरांना चुका करू नका म्हणून सांगता. तीच चूक परत कशी करायची ते सांगा की.”

मला वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “मुलं करतात ती. कशी करतात कोणास ठाऊक.”

महिना असाच गेला. जोहरा रोज तपासायला यायची. तिचं काम एवढंच, की ती चोर व्हायची. आवडाबाई आत नोट घालायची, जोहरा डोळे मिटून पिशवीत हात घालायची, आणि नोट हाताला लागली की म्हणायची, “मिली. नापास.” शेवटी दोघींच्या ध्यानात आलं, की सांडूआबांच्या त्या चिरलेल्या पिशवीत नुसतं अस्तर आखूड नव्हतं, त्याची कड आतल्या बाजूला मुडपलेली होती, त्यामुळे वरून उतरणारा हात पुढं निघून जाई आणि खालून सरकणारी वस्तू मात्र आत शिरे. आवडाबाईनं अस्तर दोन बोटं आखूड कापलं, कड मुडपून हातशिलाई घातली. जोहरानं तीनदा हात घातला. तिन्ही वेळा रिकामा आला.

“नै मिली,” ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखरीच्या चोरासारखा पडला होता.

जी चूक कात्रीनं एका झटक्यात केली होती, ती करायला आवडाबाईला एक महिना आणि सतरा पिशव्या लागल्या.

त्या पिशवीचं मग नाव झालं. शेळ्यांच्या व्यापाऱ्यांनी घेतली, मग बैलांच्या, मग बाजाराला जाणाऱ्या बायकांनी. गल्लीत बाहेरगावची माणसं आवडाबाईचं घर विचारत येऊ लागली. कडूबाला आता जीवनाचं कार्य सापडलं. बँकेत, बसमध्ये, हजामाच्या दुकानात तो पिशवी काढून दाखवायचा. “हे बघा, इथं डाव्या अंगाला, झाकणाच्या खाली, चोरकप्पा. कुणाच्या बापाला गावायचा नाय!” आणि ऐकणाऱ्याचा हात धरून तो त्याला बरोबर त्या जागी नेऊन दाखवायचा. तो तरी काय करणार? गुपित सांगितल्याशिवाय पिशवी विकली जात नव्हती.

दोन वर्षांत मराठवाड्यातल्या सज्जन माणसांना जितका तो कप्पा माहीत झाला, तितकाच इतरांनाही झाला. बाजारात एका बैलवाल्याची पिशवी मारली गेली. चोरानं चंचीला हात लावला नाही, चष्म्याला लावला नाही; डाव्या अंगाला, झाकणाच्या खाली हात घातला आणि निघून गेला. बैलवाला हर्सूलला येऊन गल्लीत उभा राहून बोलला. आवडाबाई ऐकत राहिली. तो गेल्यावर तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, “आता कुणाकुणाला दाखवायचं राहिलंय?”

कडूबा चार दिवस सायकल पुसत बसला.

आवडाबाईनं मग प्रत्येक पिशवीत कप्प्याची जागा बदलायची ठरवली. कधी उजवीकडं, कधी तळाशी, कधी पट्ट्याच्या आत. जागा फक्त विकत घेणाऱ्याच्या कानात सांगायची. हा उपाय चांगला होता, आणि चोरांपुरता तो पूर्ण यशस्वी झाला. पण विकत घेणारेही विसरू लागले. चतुराबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई पार चौका गावाहून बस पकडून आल्या. त्यांनी पिशवी आवडाबाईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, “माय, माझं पैसं कुठं ठिवलेत मी, तेवढं सांग.” आवडाबाईला तरी कुठं आठवत होतं? तिनं वैद्यानं पोट चाचपावं तशी ती पिशवी सगळीकडून दाबून पाहिली, तेव्हा पट्ट्यात सापडले. अशा बायका नंतर महिन्याला दोन-तीन तरी येत. त्यांना चहा द्यावा लागे.

चौऱ्याण्णव साली एका संस्थेनं हर्सूलमध्ये बायकांसाठी पिशव्या-पाकिटं शिवायचा वर्ग काढला आणि शिकवायला आवडाबाईला बोलावलं. उद्घाटनाला पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी आवडाबाईला सांगितलं, “तुमच्या यशाविषयी दोन शब्द बोला.” आवडाबाईनं यशाविषयी बोलायचं म्हणून पत्र्याची पेटी दोन बायकांकडून उचलून आणली आणि एकेक वस्तू टेबलावर काढली. बंद आत असलेली पिशवी. दहाच्या नोटेची बारा पाकिटं. उलट्या बाजूनं उघडणारी चेन. तळ नसलेली एक, जिच्यातून पाचोडच्या रस्त्यावर सव्वा किलो वाटाणा सांडला होता. बायका हसून हसून लोळल्या. पाहुण्या अस्वस्थ झाल्या. त्यांच्या छापील भाषणात बंद आत असलेल्या पिशवीला कुठं जागा नव्हती.

वर्ग चांगला चालला. फक्त पहिल्या आठवड्यात एक अडचण आली. चुका इतक्या नीट समजावून सांगितल्या होत्या, की सातजणींनी बंद आत असलेली पिशवी पहिल्याच दिवशी बिनचूक शिवून आणली.

आता आवडाबाईच्या टिपेविषयी सांगितलं पाहिजे. तिची टीप फार बारीक असायची. डोळ्यांनी दिसू नये इतकी बारीक, दाण्याला दाणा लागलेली. बघणारा आधी टिपेवरून बोट फिरवायचा, मग पिशवी बघायचा. तेरा वर्षांत जोहरानं आवडाबाईच्या एकाच गोष्टीची स्तुती केली होती, ती टिपेची. वर्गातल्या बायकांना तर आवडाबाई म्हणायची, “बाकी सगळं मागून येईल. आधी टीप बारीक घाला.” पिशव्या तीन-चार वर्षांनी टिपेच्या कडेनं फाटून परत येत, हे खरं. पण त्याचं कारण तिला ठाऊक होतं: रेक्झीन आता पहिल्यासारखं येत नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा संस्थेच्या ध्यानात आलं, की शिकवणारीजवळ प्रमाणपत्र नाही. नियमाप्रमाणे ज्या बाईला प्रमाणपत्र नाही तिनं शिकवलेल्या बायकांना प्रमाणपत्र देता येत नव्हतं. उपाय एकच होता. आवडाबाईनं आपल्याच वर्गाबरोबर परीक्षेला बसायचं.

ती बसली. मागच्या बाकावर, आपल्या बावीस विद्यार्थिनींच्या मागं. परीक्षा घ्यायला शहरातून वहिदा नावाची एक तरुण मुलगी आली होती. पदविका घेतलेली, बॅगांच्या कारखान्यात काम केलेली. मागच्या बाकावरच्या बाई कोण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं सगळ्यांच्या पिशव्या घेतल्या, बंद ओढून पाहिले, आत हात घातला, टिपा मोजल्या.

निकाल लागला. पहिली आली दगडाबाई, जी वर्षभर सगळ्यात मागं होती आणि जिची टीप शेवटपर्यंत बारीक झालीच नाही. आवडाबाईला शंभरापैकी एक्कावन्न मिळाले. खाली शेरा होता: ‘टीप अतिशय बारीक. रेक्झीनसाठी अयोग्य.’

आवडाबाईनं तो शेरा दोनदा वाचला आणि सरळ वहिदापुढं जाऊन उभी राहिली.

“ताई, बारीक टीप चुकीची कशी?”

“मावशी, कापडाला ती चांगली,” वहिदा म्हणाली. “रेक्झीनचा वरचा थर धाग्यांचा नसतो, सुईनं पडलेलं भोक पुन्हा मिटत नाही. इतक्या जवळ जवळ भोकं पाडली की पोस्टाच्या तिकिटासारखं होतं. ओढलं की त्याच रेघेवर फाटतं.” आणि तिनं आवडाबाईचीच पिशवी दोन्ही हातांनी धरून ओढली. टर्र आवाज झाला. सगळा वर्ग उभा राहिला.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?” वहिदानं विचारलं.

आवडाबाई तिथून घरी आली नाही. हातात फाटकी पिशवी घेऊन ती बसनं शहागंजात गेली. जहांगीर एका स्कूटरची सीट शिवत होता. त्याच्या सीटेवरची टीप लांब लांब होती, लांबूनही मोजता यावी अशी. तेरा वर्षं ती हे दुकान बघत आली होती.

“जहांगीरभाई, बारीक टिपेनं रेक्झीन फाटतं, हे तुमाला ठाऊक होतं?”

जहांगीरनं मशीन थांबवलं. “मालूम था, भाभी.”

“मग सांगितलं का नाय?”

“पैले साल में बोलनेवाला था. तब आप रोज रोते थे. सोचा, और एक गलती कायकू बताना.”

“आन् मग?”

“फिर आपका नाम हो गया,” जहांगीर म्हणाला. “नाम हुए आदमी को कौन बोलता?”

आवडाबाई आठ दिवस कोणाशी धड बोलली नाही. जहांगीरवर राग, जोहरावर राग, रेक्झीन बनवणाऱ्यांना दिलेल्या शिव्या वाया गेल्या याचाही राग. कडूबा म्हणाला की एक्कावन्न म्हणजे पास, तर त्याच्यावरही राग. मला मात्र ती एकदा म्हणाली, “बाई, पहिल्यांदा चुकले तवा सगळी गल्ली सांगायला येत व्हती. किती छळ वाटायचा. मग केव्हा थांबले वं लोक? मला कळलंबी नाय.”

नवव्या दिवशी तिनं मशीनच्या बाजूचा टीप लहान-मोठी करायचा स्क्रू तेल घालून सैल केला. तो गंजून एका जागी बसला होता. टीप लांब केली आणि वर्गात गेली. बायकांच्या पिशव्या समोर मांडल्या होत्या, वर्षभराचं काम.

“उसवा,” ती म्हणाली.

“सगळ्या?”

“सगळ्या नाय. दगडाबाईची राहू द्या.”

बायकांना वाटलं रागानं बोलतेय. पण तिनं स्वतः खाली बसून पहिली पिशवी उसवायला घेतली, तेव्हा सगळ्या बसल्या. मग तिनं वर्गाला नियम सांगितला, की यापुढं इथं कोणी कोणाचं नुसतं कौतुक करायचं नाही. जिला जिची चूक दिसेल तिनं ती तोंडावर सांगायची, शिकवणारी असली तरी.

पुढच्या सोमवारी आवडाबाई फळ्यावर पाकिटाचं माप काढत होती. दगडाबाई मागून उठली आणि म्हणाली, “बाई, शिवणीसाठी धरायचं अर्धं बोट विसरलात तुमी.”

ती खरंच विसरली होती. आवडाबाईनं माप पुसलं, नीट काढलं, आणि त्या दिवशी दगडाबाईशी एक शब्द बोलली नाही. मंगळवारी बोलली.